इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील लघुशोधप्रबंध आणि साम्य-तपासणीचा अडथळा : माझा अनुभव

इंग्रजी भाषेच्या इतिहासावर एम. ए. चा लघुशोधप्रबंध करू इच्छिणाऱ्यांनी विषयाची मंजुरी, मार्गदर्शक, टंकलेखन किंवा बांधणी यांची फारशी धास्ती घेऊ नये, कारण ती कामे रीतसर पार पडतात. माझे घोडे अडले ते ग्रंथालयातील साम्य-तपासणीच्या टेबलापाशी, म्हणजे प्रबंधातला मजकूर आधीच्या मजकुराशी किती जुळतो ते जिथे संगणकावर तपासतात तिथे. तिथे झालेला मनस्ताप अजून पुरता निवळलेला नाही, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तो टाळता यावा म्हणून हे लिहीत आहे.

माझा विषय मुद्दाम आटोपशीर ठेवला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येणारी प्रभूची प्रार्थना घ्यायची आणि तिचे चार इंग्रजी पाठ शेजारी शेजारी ठेवून भाषा कशी बदलत गेली ते पाहायचे. पहिला पाठ दहाव्या शतकाच्या अखेरचा, वेस्ट सॅक्सन या जुन्या इंग्रजीच्या बोलीतला, दुसरा चौदाव्या शतकाच्या अखेरचा, जॉन विक्लिफच्या नावाने ओळखला जाणारा, तिसरा बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडल याचा १५२६चा आणि चौथा किंग जेम्स बायबलमधील १६११चा. ‘आमचे अपराध क्षमा कर’ ही एकच ओळ घेतली, तरी केवढा इतिहास हाती लागतो. वेस्ट सॅक्सन पाठात तिथे ‘गिल्टास’ आहे, ज्याचा वंशज म्हणजे आजचा ‘गिल्ट’. विक्लिफच्या पाठात ‘डेट्टिस’ (dettis, म्हणजे ऋणे) येतो, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत शिरलेल्या फ्रेंच शब्दांपैकी एक. टिंडल ‘ट्रेसपासेस’ लिहितो, तोही फ्रेंचच, आणि १६११चे भाषांतरकार पुन्हा ‘डेट्स’कडे (debts) वळतात. मात्र एक फरक होतो. विक्लिफच्या पाठातील या शब्दात ‘बी’ हे अक्षर नाही, १६११च्या छापील पाठात ते आहे. इंग्रजी उच्चारात ते कधीच नव्हते. मूळ लॅटिन शब्दाशी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी ते लेखनात आणले. माझे एक संपूर्ण प्रकरण या एका अक्षराभोवती उभे होते.

साम्य-तपासणीचा अहवाल आला तेव्हा साम्य तीस टक्क्यांच्या वर होते. पाने उलटून पाहिली, तर चारही प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत लाल झालेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ संदर्भसूचीही लाल. शतकानुशतके छापला गेलेला मजकूर जसाच्या तसा दिल्यावर दुसरे काय होणार? टेबलावरच्या कर्मचाऱ्यांनी मात्र अहवाल उघडूनही पाहिला नाही. “वाक्यं बदला मॅडम, दहाच्या आत आणा, मग प्रमाणपत्र देतो,” एवढेच उत्तर मिळाले. ही अवतरणे माझी वाक्ये नाहीत, तो माझा पुरावा आहे, हे मी परोपरीने सांगितले. पुन्हा गेले तरी उत्तर तेच, आणि प्रबंध जमा करण्याची तारीख जवळ येत चाललेली.

मैत्रिणींनी आपापल्या परीने मार्ग सुचवले. एकीचे म्हणणे होते की जुनी स्पेलिंगे आधुनिक करून टाकावीत, म्हणजे जुळणी तुटेल. तसे केले असते तर विक्लिफच्या ‘डेट्टिस’मध्ये तो ‘बी’ मीच घुसडला असता आणि माझा सिद्धान्त माझ्याच हाताने खोटा पडला असता. दुसरीने अवतरणांची चित्रे करून चिकटवायला सांगितले, म्हणजे यंत्राला ती वाचताच येणार नाहीत. पण जे उघडपणे आणि श्रेय देऊन उद्धृत केले आहे, ते लपवायचे कशासाठी? मी दोन्ही सल्ले नाकारले, आणि त्याबद्दल मला आजही समाधान वाटते.

शेवटी मार्गदर्शक सरांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली माझ्यापुढे ठेवली. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे सारे साम्य-तपासणीतून वगळावे, असे तिथे स्वच्छ लिहिलेले आहे. दहा टक्क्यांची मर्यादा ही त्यानंतर उरणाऱ्या साम्यासाठी आहे. मी ते पान छापून घेतले, संबंधित ओळी अधोरेखित केल्या, अर्जावर विभागप्रमुखांची सही घेतली आणि अर्ज देऊन त्याची पोच मागितली. तपासणी पुन्हा झाली, अवतरणे आणि संदर्भसूची वगळण्याचे पर्याय निवडले गेले, आणि साम्य सहा टक्क्यांवर आले. जी गोष्ट दोन खुणा करून पहिल्याच दिवशी झाली असती, तिच्यासाठी मला अर्ज करावा लागला, याचा राग मला अजून येतो.

तेव्हा प्रबंध तपासणीला देतानाच हे वगळण्याची मागणी लेखी करा आणि प्रत्येक उतारा अवतरणचिन्हांत ठेवा. चिन्हे नसतील, तर यंत्राला अवतरण ओळखता येत नाही.

सादरीकरणाबाबतची एक गोष्ट इथेच सांगते. जुन्या इंग्रजीतील ‘थॉर्न’, ‘अ‍ॅश’ यांसारखी अक्षरे आपल्या संगणकावर नीट दिसतात आणि सभागृहातल्या संगणकावर त्यांच्या जागी चौकोन उमटतात. सगळी सादरीकरणे पीडीएफ करून न्यावीत. आणि विषय निवडताना ‘इंग्रजीचा उगम ते आजपर्यंत’ असा अवाढव्य पट मुळीच घेऊ नये, कारण त्यात सांगण्यासारखे स्वतःचे असे काहीच उरत नाही.

मौखिक परीक्षा छान झाली. बहिःस्थ परीक्षकांनी विचारले की १६११च्या पाठात देवासाठी ‘हू’ न वापरता ‘व्हिच’ का वापरले आहे. त्या काळी ‘व्हिच’ माणसांसाठीही सर्रास चालत असे, आणि इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थना-पुस्तकातही हा प्रयोग तसाच टिकला आहे, असे मी सांगितले. त्यांनी प्रबंध पुढे ओढला, चार पाठांचे ते पान उघडले आणि पुढचे सगळे प्रश्न त्या पानावरचेच विचारले.