हीट पंप, एसी आणि पाच फुटांची गल्ली

गोव्यात मांद्र्याला घरामागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. सोबत छोटा स्विमिंग पूल आहे, 40 हजार लिटरचा. डिसेंबरात रात्री पारा 20 वर आला की पाहुणे पाण्यात पाय बुडवून बघतात आणि निमूट खोलीत परततात. म्हणून 15 किलोवॅटचा हीट पंप घेतला, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं आणि गार झालेली हवा बाहेर फेकणारं मशीन. आधी गॅस हीटर स्वस्त वाटला होता, पण त्याचा धूर खोल्यांच्या खिडक्यांखाली सोडायचा, हे मनाला पटेना.

बसवायचा कुठे? घर आणि चिऱ्यांचं कुंपण यांच्यामध्ये पाच फुटांची गल्ली आहे, तिथे एसीची दोन आउटडोअर युनिटं होतीच. बसवणारा म्हणाला, "एसी गरम हवा फेकतो, हीट पंपाला गरम हवाच लागते. फुकटात फायदा." ऐकायला इतकं गोड वाटलं की मी मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही.

हिशेब असा होता: पाणी एक अंश तापवायला साधारण 46 युनिट उष्णता लागते, पंप तासाला 15 युनिट देतो, म्हणजे सहा अंशांना 18-19 तास. दोन दिवस झाले तरी पाणी जेमतेम तीन अंश चढलं. त्यात भर दुपारी एक एसी बंद पडू लागला.

एसीचा मेकॅनिक आला, गल्लीत उभा राहिला आणि म्हणाला, "हांगा वारें खंय वता?" (इथे वारा जातो कुठे?) मग देव्हाऱ्यातली उदबत्ती मागवली. पंख्यासमोरचा धूर कुंपणाला आपटून वळला आणि हीट पंपाच्या पाठीमागून परत आत शिरला. आपलीच गार हवा तो पुन्हा पुन्हा ओढत होता. फुकटच्या गरम हवेचं म्हणाल, तर थंडीच्या रात्री एसी लावतो कोण? दुपारी एसी चालतो, तेव्हा समोरासमोरचे दोन पंखे एकमेकांची हवा अडवतात. शिवाय एका एसीची हवा घेण्याची बाजू हीट पंपाच्या धुडाने जवळजवळ बुजली होती, म्हणून तो तापून ट्रिप व्हायचा.

तेव्हा कुठे मॅन्युअल वाचलं. पंख्यासमोर अडीच मीटर मोकळी जागा, मागे अर्धा मीटर. आमच्याकडे समोर दोन फूटही नव्हते!

हीट पंप मागे माडांकडे तोंड करून हलवला. नऊ मीटर पाइप वाढला, त्यावर इन्सुलेशन आलं, खर्च दुसऱ्यांदा झाला. मेकॅनिकने आणखी एक गोष्ट बजावली: क्लोरीन आणि अ‍ॅसिडचे कॅन दोन्ही मशीनांपासून लांब ठेवा, त्यांच्या वाफा आतली धातूची कॉइल खाऊन टाकतात. खारा वारा तर आहेच.

आता पाणी दुसऱ्या दिवशी 28 ला पोचतं. फक्त आमचा गडी रोज सकाळी हीट पंपाखालचं डबकं दाखवून सांगतो, मशीन गळतंय. मी क्लोरीनची पट्टी बुडवतो, रंग बदलत नाही. ते पूलचं पाणी नाही, हवेतलं दव आहे. त्याला अजून पटलेलं नाही.