तुम्ही विचारलंत म्हणून: बेम्बाची मुक्तता करणाऱ्या न्यायाधीशांविषयी

फौजदारी कायदा शिकवताना मी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश क्रिस्टीन फान डेन वैन्गार्ट यांची निकालपत्रे विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. दरवर्षी कोणीतरी उठून तोच प्रश्न विचारते. ज्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला निकाल म्हणजे हजारो पीडितांच्या डोळ्यांदेखत झालेली झां-पिएर बेम्बा या काँगोतील लष्करी नेत्याची निर्दोष मुक्तता, त्यांच्याविषयी तुम्हाला एवढा आदर कसा? हा प्रश्न रागातून येतो आणि तो राग मला परका वाटत नाही. म्हणूनच दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होणे मला कधी जमलेले नाही.

या बाई आरोपींविषयी मवाळ होत्या, असा समज असेल तर तो आधी दूर व्हायला हवा. त्या मूळच्या अँटवर्पच्या. तिथल्याच विद्यापीठात त्यांनी वीस वर्षे फौजदारी कायदा शिकवला. न्यायासनाशी त्यांचा पहिला मोठा संबंध आला तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, म्हणजे देशादेशांमधले तंटे ऐकणाऱ्या वेगळ्या न्यायालयात. 11 एप्रिल 2000 रोजी बेल्जियमच्या एका तपास न्यायाधीशाने काँगोचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री अब्दुलाये येरोडिया यांच्यावर, 1998 मध्ये त्यांनी तुत्सी या वांशिक समाजाविरुद्ध केलेल्या चिथावणीखोर भाषणांबद्दल, अटक वॉरंट काढले. काँगोने त्याला आव्हान दिले आणि बेल्जियमने त्या खटल्यापुरत्या न्यायाधीश म्हणून वैन्गार्ट यांना पाठवले. 14 फेब्रुवारी 2002 रोजी 13 विरुद्ध 3 मतांनी निकाल लागला: पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाच्या फौजदारी कारवाईपासून पूर्ण संरक्षण असते. विरोधात गेलेल्या तिघांत त्या होत्या. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांच्या बाबतीत मंत्रिपद ही ढाल होऊ शकत नाही आणि तशी ढाल देणारी कोणतीही प्रस्थापित रूढी आंतरराष्ट्रीय कायद्यात दिसत नाही, हे त्यांनी सविस्तर मांडले. एखाद्या देशाने नेमलेला न्यायाधीश त्या देशाची बाजू घेणारच, असे कोणी म्हणेल. ते भिन्नमत वाचल्यावर हा आक्षेप माझ्या मनात टिकला नाही, कारण त्यात बेल्जियमची वकिली फारशी नाही आणि ज्यांच्यापर्यंत कोणतेच न्यायालय पोहोचत नाही अशा सत्ताधाऱ्यांची चिंता पानोपानी आहे.

पुढे त्या माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणात गेल्या. नोव्हेंबर 1991 मध्ये क्रोएशियातल्या व्हुकोव्हारच्या रुग्णालयातून बाहेर काढलेल्या माणसांची ओव्चारा येथे हत्या झाली. त्या खटल्यात 27 सप्टेंबर 2007 रोजी युगोस्लाव्ह सैन्यातील अधिकारी मिले म्र्कशिच यांना 20 वर्षांची शिक्षा सुनावणाऱ्या खंडपीठावर त्या होत्या. पुरावा पुरा पडला की त्यांचा हात अडखळत नसे.

मार्च 2009 मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची शपथ घेतली. रोम संविधी या त्याच्या स्थापनेच्या करारानुसार तिथे 18 न्यायाधीश असतात आणि त्यांना नऊ वर्षांची एकच मुदत मिळते. पुन्हा निवडून येण्याची सोय नसल्यामुळे कोणाला खूश ठेवण्याचेही कारण उरत नाही. ही तरतूद कशासाठी आहे, ते वैन्गार्ट यांच्या नऊ वर्षांकडे पाहिले की कळते.

माझ्या आदराचे मूळ कटांगा खटल्यात आहे, म्हणून तिथे थोडे थांबते. 24 फेब्रुवारी 2003 रोजी काँगोच्या इतुरी प्रांतातील बोगोरो या गावावर सशस्त्र टोळ्यांनी हल्ला केला आणि त्यात सुमारे 200 नागरिक मारले गेले, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. जेर्मां कटांगा आणि मात्यू न्गुजोलो या दोघांनी एकत्र योजना आखून, आपापल्या हुकमतीखालच्या टोळ्यांकरवी हा हल्ला घडवला, असे आरोपपत्र होते. नोव्हेंबर 2009 मध्ये खटला सुरू झाला. न्यायाधीश स्वतः जानेवारी 2012 मध्ये इतुरीत जाऊन ती गावे पाहून आले. मे 2012 मध्ये अंतिम युक्तिवाद संपले. त्याआधी कटांगा स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले होते आणि आपल्या गावातली संघटना, तिथे आलेली शस्त्रे यांविषयी शपथेवर बोलले होते. हा हल्ला तुमच्या हुकमाने झाला, या आरोपाला उत्तर देण्यासाठी ते बोलत होते.

युक्तिवाद संपून सहा महिने झाल्यावर, 21 नोव्हेंबर 2012 रोजी, तीनपैकी दोन न्यायाधीशांनी दोन्ही आरोपींचे खटले वेगळे केले आणि नियमावलीतील 55व्या विनियमाचा आधार घेऊन कटांगा यांना कळवले की तुमच्या जबाबदारीचे स्वरूप आम्ही बदलू शकतो: तुम्ही सूत्रधार नसाल, पण समान हेतूने गुन्हा करणाऱ्या गटाला तुम्ही हातभार लावला असेल. महिनाभरात न्गुजोलो निर्दोष सुटले. अभियोग पक्षाच्या तीन मुख्य साक्षीदारांवर विसंबता येत नाही, असे न्यायालयाला एकमताने आढळले होते. कटांगा मात्र अडकून राहिले आणि 7 मार्च 2014 रोजी बदललेल्या आरोपाखाली बहुमताने दोषी ठरले. त्यांना 12 वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या न्यायाधीश वैन्गार्ट यांनी दोन्ही वेळा विरोध नोंदवला.

त्यांचे म्हणणे एका ओळीत सांगायचे तर असे: एका आरोपाला उत्तर म्हणून दिलेली साक्ष दुसऱ्या आरोपाचा पुरावा म्हणून वापरणे हा न्याय नव्हे. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बदललेला आरोप धरला तरी उपलब्ध पुराव्यातून तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध होतो का, हेही त्यांनी मुद्द्यामागून मुद्दा घेऊन तपासले, आणि तो होत नाही असे दाखवले. पीडितांविषयीची सहानुभूती आणि गुन्हेगारांना मोकाट सोडायचे नाही ही न्यायालयाची भूमिका, या दोन्हींचा न्यायाधीशाच्या मनावर किती ताण येतो हे त्यांनी लपवले नाही. तरीही किती जणांना शिक्षा झाली यावरून या न्यायालयाचे यश मोजता येणार नाही. कार्यवाही आरंभापासून अखेरपर्यंत न्याय्य होती का, हे आधी पाहावे लागेल, असे त्यांनी लिहिले. तो परिच्छेद मी प्रथम वाचला तेव्हा मी स्वतः बहुमताच्या बाजूची होते. बोगोरोत जे घडले त्याची शिक्षा कोणाला तरी व्हायलाच हवी, असे मला मनापासून वाटत होते. त्या वाक्यातल्या ‘कोणाला तरी’ या दोन शब्दांत काय दडले आहे ते मला त्या भिन्नमताने दाखवले.

इतर खटल्यांतही त्यांचा रोख तपासाच्या दर्जावर राहिला. एप्रिल 2013 मध्ये त्या केनियाच्या खटल्यातून बाहेर पडल्या. त्याच वेळी लिहिलेल्या स्वतंत्र मतात, आरोपनिश्चितीनंतर अभियोग पक्षाने इतके नवे साक्षीदार आणावेत याचा अर्थ आधी पुरेसा तपास झालाच नव्हता का, असा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. डिसेंबर 2014 मध्ये त्या खटल्यातील आरोपी, केनियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्यावरील आरोप मागे घ्यावे लागले. आयव्हरी कोस्टचे माजी राष्ट्राध्यक्ष लॉरां बाग्बो यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांतील बातम्या आणि संस्थांचे अहवाल यांवर आरोप उभे करता येणार नाहीत, असे जून 2013 मध्ये सांगणाऱ्या बहुमतात त्या होत्या. वर्षभराने आरोप निश्चित झाले तेव्हा त्या पुन्हा एकट्या पडल्या. जानेवारी 2019 मध्ये बाग्बो निर्दोष सुटले. मला यात बाईंचा विजय दिसत नाही. आयव्हरी कोस्टच्या पीडितांची वर्षे वाया गेली, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणूनच सुरुवातीला कडक तपासणी हवी असा त्यांचा आग्रह होता.

आता बेम्बांकडे येते. झां-पिएर बेम्बा हे काँगोतील एका बंडखोर चळवळीचे प्रमुख होते. 2002-2003 मध्ये त्यांचे सैन्य शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेले आणि तिथे त्या सैनिकांनी खून, बलात्कार आणि लूट केली. सैनिकांना न आवरल्याबद्दल आणि शिक्षा न केल्याबद्दल, म्हणजेच सेनानायकाच्या जबाबदारीखाली, मार्च 2016 मध्ये बेम्बा दोषी ठरले. त्यांना 18 वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचारांसाठी या न्यायालयात झालेली ती पहिली दोषसिद्धी होती. 5,229 पीडित त्या खटल्यात सहभागी होते.

8 जून 2018 रोजी अपील खंडपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही दोषसिद्धी रद्द केली. पीठासीन न्यायाधीश वैन्गार्ट होत्या. त्यांची मुदत मार्चमध्येच संपली होती, पण सुरू केलेले अपील पूर्ण करण्यासाठी त्या थांबल्या होत्या. बहुमताने दोन गोष्टी धरल्या. आरोपपत्रात नसलेल्या अनेक घटनांसाठी बेम्बांना दोषी धरले गेले होते, आणि त्या वगळल्या तर एक खून, वीस जणांवरील बलात्कार आणि लुटीच्या पाच घटना एवढेच उरत होते. दुसरे म्हणजे, परक्या भूमीवर लढणाऱ्या सैन्याचा दूर बसलेला प्रमुख प्रत्यक्षात काय करू शकतो याचा, आणि बेम्बांनी नेमलेल्या चौकशीचा व काही सैनिकांवर चालवलेल्या खटल्यांचा, खालच्या न्यायाधीशांनी नीट विचार केला नव्हता.

पहिल्या मुद्द्यावर मी बाईंच्या बाजूची आहे. कटांगा खटल्यातले त्यांचे म्हणणे मान्य केल्यावर इथे वेगळे म्हणता येत नाही. दुसऱ्यावर मी नाही. चार वर्षे 77 साक्षीदार ऐकलेल्या न्यायाधीशांच्या तथ्यविषयक निष्कर्षांत अपिलात किती खोलवर हात घालायचा, याची तोवर मानलेली मर्यादा बहुमताने सैल केली आणि त्यासाठी दिलेली कारणे मला तोकडी वाटतात. ज्या न्यायाधीशांनी इतरांकडून प्रत्येक निष्कर्षाचा हिशेब मागितला, त्यांच्याकडून मला इथे अधिक तपशिलाची अपेक्षा होती.

आणि पीडितांचे काय? या न्यायालयात नुकसानभरपाई दोषसिद्धीला बांधलेली आहे. कटांगा दोषी ठरले म्हणून 2017 मध्ये 297 पीडितांना प्रत्येकी 250 डॉलर प्रतीकात्मक भरपाई मंजूर झाली. बेम्बा सुटताच तिथल्या पीडितांची भरपाईची कार्यवाही बंद झाली आणि त्यांच्यासाठी फक्त पीडित निधीच्या मदतकार्याचा मार्ग उरला. सैनिकांनी बलात्कार केले हे सत्य त्या दिवशी खोटे ठरले नव्हते, तरी त्या स्त्रियांच्या हाती न्यायालयाच्या आदेशाने काहीच पडले नाही. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते की त्यांच्यापुढे उभे राहून तुम्ही काय सांगाल. मी तिला म्हणाले की न्यायाधीशांनी नियम पाळले, असे मी त्यांना सांगू शकणार नाही. पीडितांची भरपाई एका माणसाच्या तुरुंगवासावर अवलंबून ठेवणारी ही रचना बदला, एवढेच मी त्यांच्या बाजूने इतरांना सांगू शकते.

यंदाही वर्गात आधी कटांगा खटल्यातील वैन्गार्ट यांचे भिन्नमत वाचायला देणार आहे, आणि त्यानंतर लगेच, बेम्बा खटल्यात त्यांच्याविरुद्ध मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्ती मोनागेंग आणि होफमान्स्की यांचे.