बिलावरचं लेदरेट

सरांनी दुकानात सोफा आणला नव्हता, प्लास्टिकच्या थैलीत त्याचे पापुद्रे आणले होते. तपकिरी, नखाएवढे, एका अंगानं चकचकीत. थैली काउंटरवर ठेवून म्हणाले, "हे चामडं आहे का भाऊ, एवढंच सांगा."

नागपूरच्या महाल भागात माझं सोफे-कुशनचं दुकान आहे. सर रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. शहरातल्या एका शोरूममधून त्यांनी सोफा घेतला, लेदरचा म्हणून, आणि पैसेही लेदरच्या हिशेबानं मोजले. तीन उन्हाळेही न काढता तो सोलायला लागला. बसून उठलं की दंडाला तुकडे चिकटून येतात. विचारायला गेले तर शोरूमवाला म्हणाला, आम्ही लेदर कुठं म्हटलं? बिल वाचा. बिलावर लिहिलं होतं, 'प्रीमियम लेदरेट'.

पापुद्र्यावरून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो. मे महिन्याची दुपार, पारा पंचेचाळीसच्या आसपास. बैठकीत शिरताच अर्धं उत्तर मिळालं. सोफा कुलरच्या थेट समोर होता.

सोफा उलटा केला, खालच्या अस्तराच्या पिना काढल्या आणि आत मोडलेली कड बाहेर ओढली. मागून बनियनसारखं विणलेलं कापड. खऱ्या चामड्याला मागं कापड नसतं, विस्कटलेले तंतू असतात. शिवाय चामडं स्क्वेअर फुटानं येतं, आकारानं वेडंवाकडं, मानेकडे जाड आणि पोटाकडे ढिलं. हा माल चोपन्न इंची पन्ह्याच्या रोलमधून सरळ कापलेला होता.

"म्हणजे रेक्झिन," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, रेक्झिन असतं तर इतकं सोललं नसतं. हे पीयू आहे, म्हणजे पॉलियुरेथेन."

आता त्यांच्यातला मास्तर जागा झाला. माझी पिशवी रेक्झिनचीच, उरलेल्या तुकड्यांतून शिवलेली. तिच्या कोपऱ्यातून त्यांनी एक पट्टी कापून मागितली. स्वयंपाकघरात गॅसवर तांब्याची तार लाल केली, पट्टीला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. मग नवी तार घेऊन तसंच सोफ्याच्या तुकड्याचं केलं. ज्योतीला हिरवा रंग आला नाही. क्लोरीन असेल तर तांब्याबरोबर हिरवा रंग देतं. रेक्झिनवरच्या पीव्हीसी प्लास्टिकात क्लोरीन असतं, पॉलियुरेथेनमध्ये नसतं. काकू ओरडल्या, "घरात काहून जाळून राहिले हो ते? केवढा वास!" वास वाईटच होता आणि धूरही चांगला नसतो. खिडकी उघडली.

पुढचं सरांनी मला समजावलं, बरीचशी अक्कल माझ्या कारागिरांनी अनुभवानं मिळवली होती तरी. ऊब आणि ओल मिळाली की पॉलियुरेथेनच्या साखळ्या पाण्यानं तुटतात, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. वरचा थर सुटून पापुद्रे होतात. दिवसभर तापणारं घर आणि दमट हवा फेकणारा कुलर, म्हणजे त्या थराला लागतं ते सगळं नागपुरात फुकट मिळतं. पीव्हीसी अमर असतं असं नाही. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं आणि ते कडक होऊन तडकतं, उन्हात लवकरच. पण असे पापुद्रे दंडाला चिकटत नाहीत.

मुद्दा मात्र नावाचा होता. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर, वर चामड्याचे उठाव. ते आगगाडीच्या डब्यांत आणि पुस्तकांच्या बांधणीत वापरलं जायचं. आपल्याकडे आज रेक्झिन म्हणून मिळतं ते बहुतेक पीव्हीसीचं. मूळ माल गेला, नाव उरलं. डालडा, झेरॉक्स यांच्या पंगतीतलं. पण रेक्झिन म्हटलं की ऑटोची सीट, दवाखान्यातला बाक आणि पीएचडीचा काळा प्रबंध आठवतो. बैठकीतल्या सोफ्याला ते नाव कोण लावेल? म्हणून फोम लेदर, पीयू लेदर, आता व्हीगन लेदर. माझ्या सॅम्पल बुकात 'आर्ट लेदर'ही आहे. तो आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, कलेशी त्याचा काही संबंध नाही.

लेदरेटमधला शेवटचा 'एट' सरांनी उलगडला. किचनेट म्हणजे छोटं किचन, पण फ्लॅनेलेट म्हणजे फ्लॅनेलची नक्कल. लेदरेट दुसऱ्या जातीतलं. "म्हणजे बिलावर त्यांनी खरंच लिहिलं होतं हो," सर हसले. "वाचता मलेच आलं नाही."

मला ते हसणं पटलं नाही. विकणारा तोंडानं लेदर म्हणतो, कागदावर लेदरेट लिहितो. सरांच्या फोनवर सेल्समनचा मेसेजही होता, 'जेन्युइन लेदर फिनिश'. फिनिश! अस्सल काय, तर दिसणं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या घटकांबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. 'फिनिश' त्यात बसतं का, हे मी सांगू शकत नाही, मी कुशनवाला आहे. मी फक्त पाहिलं ते लेटरहेडवर लिहून दिलं: वर पॉलियुरेथेनचा थर, खाली विणलेलं कापड, चामडं कुठंही नाही. सरांनी तो मेसेज, बिल आणि माझा कागद जोडून तक्रार केली आहे. निकाल यायचा आहे.

सोफ्याला मी सुती कापड सुचवलं. कुलरसमोर तेच बरं, आणि खोळ काढून धुता येते.

तेव्हापासून माझ्या बिलावर दोन ओळी असतात, वर काय आणि खाली काय. परवा धरमपेठेतल्या एका बाईंनी बिल पाहून विचारलं, "भाऊ, रेक्झिन कशाला लिहिता? फोम लेदर लिहा ना, पाहुणे विचारतात." मी म्हटलं, पाहुण्यांना बिल कशाला दाखवता? ऑर्डर दुसरीकडे गेली.