आमची वाटचाल: जाड केस आणि ५५ मिनिटं

पुण्यातल्या बाणेरमध्ये आमचं सलून सुरू झालं तेव्हा खुर्च्या दोन होत्या आणि प्रत्येक कटिंगला २० मिनिटं धरलेली. आज खुर्च्या दोनच आहेत, पण जाड, ताठ केसांच्या कटिंगला आम्ही ५५ मिनिटं राखून ठेवतो. आमच्या धंद्यात जो बदल झाला तो या ३५ मिनिटांतच आहे.

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जपानी आणि कोरियन कंपन्या आहेत आणि त्यांची बरीच माणसं कुटुंबासह पुण्यात राहतात. नागालँड, मणिपूर, मिझोरमहून शिकायला आणि नोकरीला आलेली मुलंमुलीही इथे पुष्कळ. या गिऱ्हाइकांची तक्रार एकसारखी होती: सलूनमधून निघताना कट छान दिसतो, घरी डोकं धुतलं की कानांवरचे केस ब्रशासारखे आडवे उभे राहतात.

कारण केसातच आहे. पूर्व आशियाई केसाचा व्यास साधारण ८० ते १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो आणि छेद जवळजवळ गोल. गोल काडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे दीडपट जाड केस सुमारे पाचपट ताठ. शिवाय कानांवर आणि डोक्याच्या मागच्या हाडाखाली हा केस टाळूतून बराच काटकोनात बाहेर येतो. तो स्वतःच्या वजनाने खाली बसायला साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांबी लागते. मशीनला ३ मिलिमीटरची पट्टी लावून बाजू मारल्या तर दोन आठवड्यांनी केस नेमका उभं राहण्याच्या लांबीला येतो. काळा केस आणि उजळ टाळू असेल तर मशीनची प्रत्येक रेघही दिसते. म्हणून बाजूंना आम्ही ६ किंवा ९ मिलिमीटरने फक्त तळ साफ करतो आणि वरचा उतार कंगव्यावर कात्री चालवून काढतो. इथेच १५ मिनिटं जातात, आणि ती जायलाच हवीत.

दुसरा बदल क्रमाचा. पूर्वी गिऱ्हाईक बसलं की आधी पाण्याचा फवारा. ओला केस ताणला जातो, चिकटून बसतो आणि ताठपणा लपवतो. आता पहिली ५ मिनिटं केस कोरडेच पाहतो: भोवरा कुठल्या दिशेला, एक की दोन, मानेवरचे केस वर वळतात का, कुठली बाजू जास्त फुगते. मग धुऊन, १ सेंटिमीटरच्या पातळ बटा घेऊन लांबी आणि आकार कापतो. जाड बट घेतली तर कात्रीच्या टोकाशी केस पुढे सरकतात आणि पायरी पडते. त्यानंतर केस पूर्ण वाळवून उरलेलं काम कोरड्यावर. भोवऱ्यापाशी केस दीड-दोन सेंटिमीटर लांब सोडायचे; तिथे आखूड कापले की उभेच राहतात, आणि त्यावर पुढच्या वाढीशिवाय इलाज नाही.

केस विरळ करायच्या दातेरी कात्रीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जाड केसांचं सर्वाधिक नुकसान तिनेच होतं. ‘केस दाट आहेत, थोडे पातळ करा’ म्हटलं की बरेच कारागीर मुळापासून दोन बोटांवर ती चालवतात. त्या दिवशी हाताला हलकं लागतं. पण आत आखूड ताठ खुंट तयार होतात आणि तेच लांब केसांना खालून उचलून धरतात. तीन आठवड्यांत डोकं आधीपेक्षा फुगीर! आमचा नियम असा: बटेच्या मुळाकडच्या अर्ध्या भागात दातेरी कात्री लावायची नाही. एका वेळी १० ते १५ टक्के केस काढणारी कात्री घ्यायची, एका जागी दोनदाच मिटायची, मग विंचरून बघायचं. भांगाच्या आणि कपाळाच्या कडेच्या वरच्या थराला तर हातच लावायचा नाही. एरवी साध्या कात्रीचं टोक केसांच्या दिशेने आत घालून १ ते २ सेंटिमीटर खोल छेद द्यायचे. वेळ जास्त लागतो, पण खुंट राहत नाहीत.

मुलींच्या खांद्यापर्यंतच्या कटला हेच तत्त्व. एका रेषेत सरळ कापलं की जाड केसांचा त्रिकोण होतो, खाली पसरट आणि वर चपटा. मानेवरचा सर्वांत खालचा थर अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवायचा आणि वजन, म्हणजे केसांचा दाटपणा, आतल्या थरांतून काढायचं.

हत्यारांवर आमचा खर्च सर्वांत जास्त झाला, आणि तो योग्यच होता. बहिर्वक्र, म्हणजे बाहेरून गोलसर, धारेच्या ६ इंची जपानी पोलादाच्या कात्र्या वापरतो. एकदा बाहेर धारेला दिलेली कात्री चाकावर घासून परत आली; धारेचा गोलावा गेला आणि ती केस कापायच्या ऐवजी ढकलायला लागली. तेव्हापासून धार दगडावरच. दर सोमवारी ओल्या टिश्यू पेपरवर तपासणी होते: टोकापर्यंत सरळ कापला पाहिजे, दुमडला तर कात्री धारेला. स्क्रूही बघतो. एक पातं धरून दुसरं काटकोनात उचलून सोडायचं. पूर्ण मिटलं तर स्क्रू ढिला, जागचं हललंच नाही तर फार आवळलेला. केसांना खोबरेल तेल असेल तर आधी शाम्पू, नाहीतर बट पात्यावरून निसटते.

डाउन पर्म, म्हणजे उभे राहणारे केस औषधाने खाली चपटे बसवणं, आम्ही शेवटी घेतला. कोरियात पुरुषांच्या बाजूच्या केसांसाठी तो सर्रास होतो. आधी कटिंग, मग कातडीवर संरक्षक क्रीम, मग मुळापासून २-३ मिलिमीटर सोडून औषध, कंगव्याने खाली चपटं करून वर कागदाची पट्टी. ८ ते १० मिनिटं, उष्णता न देता, आणि पाचव्या मिनिटाला तपासणी. धुऊन न्यूट्रलायझर (औषधाचं काम थांबवून केसाचा नवा आकार पक्का करणारं द्रावण) ५ मिनिटं. परिणाम साधारण महिनाभर. जास्त वेळ ठेवलं तर केस मुळाशी दुमडून तुटतो. ४८ तास आधी कानामागे चाचणी घेतल्याशिवाय आम्ही हे करत नाही, आणि बाजारातली काळी मेंदी लावलेल्या केसांवर अजिबात नाही; त्यात धातूचे क्षार असले तर न्यूट्रलायझरशी त्यांची प्रक्रिया होऊन केस जळतात.

भाषेची अडचण शब्दांच्या कार्डाने सुटली. जपानीत केस विरळ करणं म्हणजे ‘सुकु’, कल्ले ‘मोमिआगे’, भोवरा ‘त्सुमुजी’. कोरियनमध्ये केसांच्या दाटपणाला ‘सुत’. फोटो समोरचा नको, बाजूचा आणि मागचा मागतो, आणि लांबी बोटांत न सांगता मिलिमीटरमध्ये ठरवतो.

आमच्यापासून लांब राहणारे विचारतात, आपल्या भागातलं सलून कसं निवडावं. फोनवर तीन गोष्टी विचारा: केस कोरडे असताना बघता का, वाळवल्यावर पुन्हा कापता का, दातेरी कात्री मुळापासून किती अंतरावर लावता? तिसऱ्या प्रश्नाला लगेच आणि आकड्यात उत्तर आलं तर तिथे अपॉइंटमेंट घ्या. पहिल्या खेपेला लांबी थोडी जास्तच ठेवायला सांगा आणि तीन आठवड्यांनी आरशात बघून ठरवा.

आमच्याकडे प्रत्येकाचं कार्ड राहतं: भोवऱ्याची दिशा, बाजूची पट्टी, वरची लांबी, कुठून किती वजन काढलं. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणून पुढची वेळ ५ आठवड्यांनी देतो. तिसऱ्या भेटीपासून त्याच डोक्याला ४५ मिनिटं पुरतात.