अकरा पॉइंट तीन

"साहेब, कालपासनं कॉपीच चाललीया. एकदा येऊन बघा की."

सांगलीत विश्रामबागेतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा हा तिसरा फोन. तुळशीचं लग्न उरकलं की यांना उसंत नसते. एका लग्नाचे फोटो-व्हिडिओ मिळून दोनशे जीबी, आणि ते एडिटिंगच्या पीसीवरून आतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, टाकायला पाच तास. आधीच्या दोन फोनवर मी बसल्या जागी सल्ले दिले होते. पहिल्यांदा म्हणालो, हार्डडिस्क काढून एसएसडी घाला. मग म्हणालो, सगळ्या केबली जोडतो तो नेटवर्कचा स्विच जुना आहे, शंभर मेगाबिटच्या दहापट वेगाचा, गिगाबिटचा घ्या. बिचाऱ्यांनी दोन्ही केलं. फरक शून्य.

शेवटी गेलो. कॉपीचा आकडा सेकंदाला ११.३ एमबी. चहा येईपर्यंत बघत बसलो: ११.३, ११.२, परत ११.३. डिस्क दमली की वेग वरखाली होतो, अँटिव्हायरस आडवा आला की आचके बसतात. हा मात्र पट्टीनं रेघ ओढल्यासारखा. हा शंभर मेगाबिटच्या नेटवर्कचा आकडा: आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभरला आठानं भागलं की साडेबारा एमबी, त्यातून नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा केला की अकरा-साडेअकरा उरतात. पीसीवर नेटवर्कचं स्टेटस उघडून बघितलं, १०० एमबीपीएस, म्हणजे शंभर मेगाबिटच. एवढं तर फोनवरच विचारता आलं असतं.

पीसीपासून भिंतीपर्यंतची छोटी केबल, पॅचकॉर्ड, बदलली, तेच. लॅपटॉप थेट स्विचला लावला, लगेच १ जीबीपीएस. म्हणजे घोळ भिंतीतल्या केबलमध्ये. उंदरांनी कुरतडली असणार, असं ठामपणे सांगून मी स्टुलावर चढलो आणि बॉक्स उघडला.

केबल शाबूत होती. पण एडिटिंगच्या कनेक्टरमध्ये आठापैकी चारच तारा, नारंगी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी दुसऱ्याच कनेक्टरमध्ये, त्यावर चिकटपट्टी आणि पेनानं लिहिलेलं 'काउंटर'. अक्षर माझंच.

२०१९ चा ऑगस्ट. मारुती रोडवरच्या यांच्या जुन्या दुकानात कृष्णेचं पाणी शिरलं होतं. वाचलं तेवढं सामान घेऊन ते इकडे आले, दोन दिवसांत काम सुरू करायचं होतं. माझ्याकडे एकच केबल शिल्लक. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, म्हणून एकाच केबलमध्ये दोन कनेक्शन बसवली. स्विचही तेव्हा शंभराचाच, त्यामुळं कुणाला कळायचं कारण नव्हतं. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात.

दोन्ही टोकांना आठही तारा घालून नव्यानं क्रिम्पिंग केलं, म्हणजे कनेक्टर दाबून बसवले. एडिटिंगच्या खोलीत पाच पोर्टचा छोटा स्विच ठेवला आणि काउंटरला त्यातून लाइन दिली. कॉपी लावली तर ११० एमबी. पाच तासांचं काम अर्ध्या तासावर आलं.

"दादा, तो जोड माझाच होता," मी सांगून टाकलं.

"असू द्या हो, पुराच्या टायमाला कोण येत होतं?" ते हसले. मग पीसीकडं बघून म्हणाले, "पण मग ती एसएसडी उगाच घेतली व्हय?"

मी क्रिम्पर पिशवीत भरायला लागलो.