आमची वाटचाल: हिशेब जुलैचा

माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेलं आणि घाटातल्या उतारांवर नजर ठेवणाऱ्या वायरलेस सेन्सर यंत्रणेसाठी भोसरीच्या आमच्या गाळ्यात विचारणा येऊ लागली. पहिल्याच मोठ्या टेंडरात एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाला, दुसराच कुणी निघाला. त्याचा गेटवे, म्हणजे उतारावरच्या नोडांची (छोट्या सेन्सर-पेट्यांची) माहिती गोळा करून पुढे पाठवणारी पेटी, ४० वॅटच्या सौर पॅनलवर आणि १२ व्होल्ट २० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीवर. आमचा १०० वॅट आणि ४० एएच. म्हणून आम्ही 'महाग'.

हिशेब साधा होता. मोडेमसकट गेटवे ३ वॅट खातो, म्हणजे दिवसाला ७२ वॅट-तास. जुलैत घाटात जेमतेम दीड तासाचं पूर्ण ऊन धरायचं. ३० टक्के घट वजा जाता ४० वॅटचं पॅनल ४२ वॅट-तास देतं, १०० वॅटचं १०५. पहिल्यात रोज ३० ची तूट. व्हायचं तेच झालं: नोड जिवंत, गेटवे मेला. पण बोभाटा झाला तो 'वायरलेस घाटात चालतच नाही' असा, आणि आमच्याही ऑर्डरी रद्द झाल्या. दोन वर्षं गाळ्याचं भाडं ओढाताणीनं भरलं. ते अजून सलतं.

त्या काळात एका जलविद्युत प्रकल्पाचे साहेब मात्र आमचे सहा नोड चालवत राहिले. दर सोमवारी बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे स्वतः पाठवायचे. पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं आणि तेवढ्या सावलीनं सिरीजमधल्या सगळ्या सेलचा करंट पडतो, हे त्यांनीच दाखवलं. तेव्हापासून पॅनल जास्त तिरकं लावतो, पाणी कडेवर थांबत नाही.

पुढची वर्षं कामाची गेली. सीमेवरच्या पाळतीचे नोडही बनवले. तिथला धडा वेगळा: वाळवंटात दुपारी जमीन माणसाच्या अंगाइतकी तापली की पीआयआर (अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर) आंधळा होतो, म्हणून जोडीला जिओफोन (जमिनीतली कंपनं टिपणारा सेन्सर) हवाच. तो खांबापासून चांगला लांब पुरा, नाहीतर वाऱ्यानं हलणारा खांबच पावलं म्हणून नोंदवला जातो.

नवीन पोरांना एक सांगतो. झोपेतला करंट, म्हणजे नोड नुसता पडून असताना खातो तो, मोजताना मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवून नोडला ट्रान्समिट करू देऊ नका. मीटरवरच इतकं व्होल्टेज पडतं की नोड रीसेट होतो आणि दोष उगाच फर्मवेअरला, म्हणजे नोडमधल्या प्रोग्रामला, लागतो. लाइनमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाका, त्यावर ऑसिलोस्कोप लावा. ट्रान्समिटच्या ४० मिलिअँपला ४० मिलिव्होल्टची उडी स्वच्छ दिसते. झोपेतला करंट वेगळा मोजा, रेडिओ बंद ठेवून.