तुम्ही विचारलंत म्हणून: वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकाच ना?

घरी फोन केला की कोणी ना कोणी विचारतंच, तिकडे आता रात्र असेल ना गं, आणि मी इथे दुपारचं जेवण उरकून बसलेली असते, कारण वॉशिंग्टनला राहते म्हणजे अमेरिकेत राहते असंच सगळे धरून चालतात. नाही हो, मी इंग्लंडमध्ये राहते. वर ईशान्य कोपऱ्यात, न्यूकॅसल आणि संडरलंडच्या जवळ वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, निस्सानचा मोठा कारखाना शेजारीच, त्या कामानिमित्त आम्ही इथे आलो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, अमेरिकेवरून ठेवलं का नाव? तर उलट आहे. फोनवर दरवेळी अर्धंच सांगून होतं म्हणून आज एकदा नीट लिहितेय.

आधी गाव, मग आडनाव, आणि राष्ट्राध्यक्ष त्याच्या कितीतरी नंतर. बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक सरदार होता, हर्टबर्न गाव त्याच्याकडे म्हणून विल्यम डी हर्टबर्न. त्याने डरहॅमच्या बिशपला हर्टबर्न देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. बिशपच्या जमिनींची 1183 सालची वही आहे, बोल्डन बुक म्हणतात तिला, तिच्यात ही अदलाबदल लिहिलेली आहे. गाव बदललं तसं नावही बदललं, विल्यम डी वेसिंग्टन. आपल्याला हे वेगळं समजवायला नकोच, आपण गावाला 'कर' लावून आडनाव करणारी माणसं. हर्टबर्नकराचा वॉशिंग्टनकर झाला.

त्यांच्या वाड्याच्या जागेवर आज ओल्ड हॉल उभा आहे. आत्ताचं घर बरंचसं सतराव्या शतकातलं आहे, पण स्वयंपाकघर आणि मोठ्या दालनाच्या मधल्या दगडी कमानी जुन्या वाड्यातल्याच. कडा गोल झाल्यात, हात लावला तर उन्हाळ्यातही गार लागतात. मधल्या काळात या घराची खोल्या पाडून भाड्याने दिलेली चाळच झाली होती आणि 1930 च्या दशकात पाडायलाच निघाले होते, ते इथल्या एका शाळामास्तरांनी लोक जमवून वाचवलं, याचं मला फार अप्रूप आहे. 1977 साली जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना गावात येऊन झाड लावून गेले.

घराणं मात्र गावात राहिलं नाही. एक फांदी लँकशरमध्ये वॉर्टनला गेली, तिथून एक लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेकडे नॉर्थॅम्प्टनला लोकरीच्या धंद्यात शिरला, दोनदा मेयर झाला. तेव्हा आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या, त्यातली सुलग्रेव्हची जमीन याने 1539 मध्ये घेतली आणि घर बांधलं. घराण्याचं चिन्ह म्हणजे दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. अमेरिकेचा झेंडा यावरूनच आला असं इथे बरेच लोक ठासून सांगतात, ते मला पटत नाही, पण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराचा झेंडा मात्र खरंच या चिन्हावरून केलाय.

पुढे इंग्लंडात राजा आणि पार्लमेंटमधलं यादवी युद्ध. याच घराण्यातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समध्ये पर्लीच्या चर्चचा पाद्री होता, त्याला पार्लमेंटवाल्यांनी 1643 मध्ये गुत्त्यात पडलेला असतो असा ठपका ठेवून काढलं. राजाच्या बाजूचे म्हणायचे माणूस सज्जन होता. काही असो, घर बसलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारातल्या एका जहाजावर नोकरीला लागून व्हर्जिनियाला गेला, 1657 च्या सुरुवातीला परत निघताना ते जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतलं आणि जॉन तिथेच राहिला. श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न झालं, सासऱ्याने 700 एकर दिले. त्याचा पणतू जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. एवढं सगळं एका रुतलेल्या जहाजावर येऊन ठेपतं!

इथवर सांगितलं की भाचा विचारतो, मग तो हॉलिवूडचा नट डेन्झेल वॉशिंग्टन यांच्यातलाच का गं मावशी? हा खरा प्रश्न. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं, नाव भावांच्या घरांतून पुढे गेलं. पण अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत हे आडनाव लावणारे 1,63,036 लोक होते आणि त्यातले 90 टक्के कृष्णवर्णीय. म्हणजे आज हे नाव चालवतात ते बहुतेक गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज. मालकाचं नाव चिकटलं असंच सगळे धरतात, पण पुष्कळांनी ते आपणहून घेतलेलं आहे. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टननी आत्मचरित्रात लिहिलंय, शाळेत हजेरी सुरू झाली, बाकी मुलांना दोन-दोन नावं आणि याला एकच, तर नंबर येईपर्यंत याने ठरवून टाकलं आणि मास्तरांना शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. लहान पोर, काल-परवापर्यंत गुलाम. त्या मुलाने घेतलेलं नाव मला बिशपच्या वहीतल्या नोंदीइतकंच पक्कं वाटतं.

आणि हॅरी. हॅरी वॉशिंग्टन गॅम्बियाच्या बाजूचा, जॉर्जच्या माउंट व्हर्नन नावाच्या मळ्यावर गुलाम. 1776 मध्ये पळून ब्रिटिश सैन्याला मिळाला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर जॉर्जने ब्रिटिशांकडे आमचे गुलाम परत द्या म्हणून मागणी केली, त्यांनी दिली नाही, फक्त जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली. त्या यादीत 1783 साली हॅरी आहे, वय 43, पूर्वी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा, सात वर्षांपूर्वी त्याला सोडून आलेला. आधी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची थंडी, मग 1792 मध्ये समुद्र ओलांडून परत आफ्रिका, सिएरा लिओनचं फ्रीटाउन. तिथे वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर सारा लावला तेव्हा 1800 मध्ये जे लोक उठले त्यांच्यात हॅरी होता, आणि त्याबद्दल त्याला गावाबाहेर काढलं. जॉर्ज वॉशिंग्टन वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.